सल्ला हवा: मिग वेल्डिंगच्या सर्किटचा रोध कसा आणि कशाने मोजावा?

मरोळ_फॅब
नमस्कार मंडळी,

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा फॅब्रिकेशनचा लहान कारखाना आहे. यंत्रांच्या बेस फ्रेम आणि चौकोनी पाइपाचे सांगाडे हे आमचे मुख्य काम. मिग वेल्डिंगचे, म्हणजे सतत पुढे सरकणारी वायर वितळवून केलेल्या वेल्डिंगचे, दोन बूथ आहेत. दोन्हीकडे एकाच बनावटीची इन्व्हर्टर यंत्रे, १.२ मिमीची तीच वायर, आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइडचे तेच ८०-२० मिश्रण आणि सुमारे २०० अँपिअर, २३ व्होल्ट अशी तीच सेटिंग वापरली जाते. असे असूनही पुढच्या बूथमधला बीड (वेल्डची रेघ) सपाट आणि कडेला नीट मिसळलेला येतो, तर आतल्या बूथमधला बीड अरुंद आणि उंचवटा आलेला दिसतो, वायर मध्येच प्लेटवर ठेचते आणि स्पॅटर (उडून चिकटलेले धातूचे थेंब) घासून काढण्यात एका हेल्परचा बराच वेळ जातो. वेल्डर व्होल्टेजचा नॉब वाढवून काम भागवतो. पण फिक्सचर (जॉब पकडून ठेवणारी चौकट) बदलला किंवा दुपारी केबल तापली की ती सेटिंगही पुरत नाही.

दोन्ही बूथमध्ये फरक आहे तो केबलचा. पुढच्या बूथमध्ये टॉर्च थेट यंत्रालाच लागते आणि अर्थची केबल ४ मीटर आहे. आतल्या बूथमध्ये फीडर (वायर पुढे सरकवणारे यंत्र) वेगळा असून तो १० मीटर लांब, ७० चौरस मिमीच्या केबलवर आहे आणि अर्थची केबल १५ मीटर, ५० चौरस मिमीची आहे. टॉर्च दोन्हीकडे ४ मीटरचीच आहे. यंत्राच्या तंत्रज्ञाने यंत्र तपासून ते निर्दोष असल्याचे सांगितले, त्यामुळे आता सर्किटचा रोध मोजून पाहायचा आहे. साध्या मल्टिमीटरवर कोणताही भाग मोजला तरी आकडा ०.३ ओहमच्या आसपास येतो आणि मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तेवढाच येतो. यासाठी कोणते उपकरण घ्यावे, मोजण्याची रीत काय आणि किती रोध योग्य समजावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

मापनशाळा_विक्रोळी
आपला मल्टिमीटर बिघडलेला नाही. हे काम त्याचे नाही एवढेच. वेल्डिंग सर्किटचा रोध मिलिओहममध्ये असतो, म्हणजे ओहमच्या हजाराव्या भागात, आणि मीटरच्या पिनांच्या वायरींचाच रोध त्याच्या कित्येक पट असतो. त्यामुळे आपल्याला जो आकडा दिसतो तो पिनांचा असतो, केबलचा त्यात कुठे पत्ताही लागत नाही.

अशा मापनासाठी चार टोकांची पद्धत वापरतात, जिला केल्व्हिन पद्धत असेही म्हणतात. बाहेरच्या दोन टोकांतून माहीत असलेला प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन टोकांनी, म्हणजे ज्या दोन बिंदूंमधला रोध हवा आहे नेमक्या त्याच बिंदूंवर, विभवांतर मोजायचे. व्होल्टमीटरमधून जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नसल्यामुळे त्याच्या वायरी कितीही लांब आणि बारीक असल्या तरी मापनात चूक येत नाही, आणि प्रवाह नेणाऱ्या क्लिपांचा संपर्क थोडा खराब असला तरी तो रोध आतल्या दोन टोकांच्या बाहेर राहतो.

तयार उपकरण हवे असेल तर मायक्रोओममीटर मागावा, आणि मागताना चाचणीचा प्रवाह १० अँपिअरचा आहे का हे आवर्जून विचारावे. मेगरचा डीएलआरओ १० हा या वर्गातला सुपरिचित मीटर आहे. तो सर्वांत खालच्या रेंजमध्ये ०.१ मायक्रोओहमपर्यंत वाचतो, जे आपल्या कामासाठी गरजेपेक्षा पुष्कळच जास्त आहे. दोन बूथसाठी नवा मीटर विकत घ्यावा असे मी सुचवणार नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या एखाद्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळेकडून माणूस आणि मीटर एका दिवसासाठी बोलावता आला तर तो खर्च रास्त ठरेल. कोणताही मीटर लावण्यापूर्वी यंत्राचा पुरवठा बंद करून दोन्ही केबली यंत्राच्या टर्मिनलवरून काढाव्यात, कारण यंत्राच्या आतले घटक समांतर जोडलेले राहिले तर मापन बिघडते आणि यंत्र चुकून सुरू झाले तर मीटर जातो.

केबल_जोडारी
मापनशाळा_विक्रोळी ताईंनी सांगितलेले तत्त्व अगदी बरोबर आहे. त्याच तत्त्वावर कारखान्यातल्या सामानातून पुरेसे अचूक मापन कसे करता येते ते सविस्तर लिहितो, कारण वर्षातून दोन-तीनदा लागणाऱ्या मापनासाठी लहान कारखान्याने प्रयोगशाळेवर अवलंबून राहावे असे मला वाटत नाही. माझी नोकरी देखभाल विभागात झाली आणि ही रीत आम्ही तिथे नेहमी वापरत असू.

एक चांगली चार्ज केलेली १२ व्होल्टची गाडीची बॅटरी घ्यावी. हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन बल्ब समांतर जोडून ते बॅटरीच्या मालिकेत ठेवावेत, म्हणजे सर्किटमधून साधारण ९ अँपिअर प्रवाह वाहतो आणि प्रवाहाला मर्यादा घालण्याचे काम बल्बच करतात. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लागूनच १५ अँपिअरचा फ्यूज असलाच पाहिजे. बॅटरी थेट वेल्डिंग केबलवर शॉर्ट झाली तर केबल आणि हात दोन्ही भाजतील. प्रवाह मोजण्यासाठी लोहार चाळीत मिळणारा ५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट (अचूक माहीत असलेल्या रोधाची पट्टी) मालिकेत टाकावा. या शंटचा रोध १.५ मिलिओहम असतो, त्यामुळे त्याच्यावर १३.५ मिलिव्होल्ट दिसले की प्रवाह ९ अँपिअर आहे असे समजावे. बॅटरी हळूहळू उतरते आणि बल्ब तापतात, म्हणून प्रत्येक वाचनाच्या वेळी शंटवरचा आकडाही वहीत लिहावा.

आता मापनाकडे येतो. टॉर्चचे नोझल काढावे, वायर मागे ओढून घ्यावी आणि टिप जॉबच्या घासून चकचकीत केलेल्या जागेवर घट्ट दाबून बांधावी. बॅटरीच्या दोन वायरी यंत्रापासून सोडवलेल्या दोन प्लगांना जोडाव्यात, म्हणजे प्रवाह संपूर्ण फेऱ्यातून फिरेल. मग मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवून एकेका तुकड्यावर पिना टेकवत जावे: प्लग ते फीडर, फीडर ते टॉर्चची टिप, जॉब ते फिक्सचरचे टेबल, टेबल ते क्लॅम्पचा जबडा, जबडा ते केबलचे लग (टोकाला बसवलेला धातूचा जोड) आणि लग ते दुसऱ्या टोकाचा प्लग. पिना केबलच्या तांब्यावर किंवा लगच्या धातूवर टेकवाव्यात. जोडाच्या बोल्टवर टेकवल्या तर जोडाचा रोध निसटतो. मिलिव्होल्टला अँपिअरने भागले की मिलिओहम मिळतात. मीटर ०.१ मिलिव्होल्ट दाखवत असेल तर ९ अँपिअरवर आपण साधारण ०.०१ मिलिओहमपर्यंत वाचू शकतो, आणि वेल्डिंगच्या कामाला याहून बारीक वाचनाची गरज नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बॅटरी सोडवल्यावरही मीटर शून्यावर येत नसेल, तर गरम जोडावर दोन वेगळ्या धातूंमुळे सूक्ष्म विभवांतर तयार झालेले असते. तेवढा आकडा वाचनातून वजा करावा किंवा जोड थंड होऊ द्यावा. आणि मापन नेहमी सकाळी, काम सुरू होण्यापूर्वी करावे, कारण तांबे ३० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापले की त्याचा रोध साधारण १५ टक्क्यांनी वाढतो आणि सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ राहत नाही.

टिग_तळोजा
केबल_जोडारी साहेबांची रीत उत्तम आहे, फक्त एक मर्यादा नोंदवतो, म्हणजे वाचणाऱ्यांपैकी कोणी भलत्या ठिकाणी मेहनत घेणार नाही. स्टिक आणि टिग वेल्डिंगमध्ये यंत्र प्रवाह स्थिर ठेवते. केबलचा रोध वाढला तर ते स्वतःच व्होल्टेज वाढवून तोच प्रवाह देते, आणि त्याची व्होल्टेज देण्याची क्षमता संपत नाही तोवर वेल्डमध्ये फरक पडत नाही. मिगचे यंत्र याउलट स्वतःच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज स्थिर ठेवते, त्यामुळे केबलमध्ये खर्च झालेले प्रत्येक व्होल्ट आर्कच्या वाट्यातून वजा होते. म्हणून हे मापन मिगसाठी फार मोलाचे आहे. टिगवाल्यांनी आपला वेळ टंगस्टनचे टोक आणि गॅसचा प्रवाह तपासण्यात घालवला तर अधिक लाभ होईल. मात्र टिग यंत्राच्या चालू सर्किटला मीटर लावण्याचा प्रसंग आलाच तर हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट आधी बंद करावा. त्या ठिणगीचे व्होल्टेज कोणताही साधा मीटर सहन करत नाही.

रोबो_सेल
यंत्र नवे असेल तर त्याच्या मेनूमध्येही पाहावे. फ्रोनियसच्या टीपीएस/आय मालिकेत सर्किटचा रोध आणि इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) मोजण्याची सोय आतच दिलेली आहे: नोझल काढून टिप स्वच्छ जॉबवर दाबायची, सूचनेप्रमाणे मापन सुरू करायचे, की यंत्र आकडा दाखवते आणि पुढच्या वेल्डिंगमध्ये तो हिशेबात धरते. टॉर्च किंवा अर्थची केबल बदलली की हे मापन पुन्हा करायचे असते, आणि आमच्या पाहण्यात नेमके तेच राहून जाते. काही यंत्रांना फीडरपासून किंवा जॉबपासून थेट व्होल्टेज वाचणारी वेगळी सेन्स वायर असते. ती तुटली किंवा चुकीच्या जागी जोडली गेली तरी आपण सांगितलेली लक्षणे दिसतात, म्हणून तिची खात्री आधी करावी.

मरोळ_फॅब
सर्वांचे मनापासून आभार. आमच्या यंत्रांत अंतर्गत मापनाची सोय नाही आणि सेन्स वायरही नाही, म्हणून केबल_जोडारी साहेबांच्या रीतीने बॅटरी आणि बल्ब जोडून दोन्ही बूथ मोजले.

पुढच्या बूथचा एकूण रोध ४.३ मिलिओहम आला. आतल्या बूथचा एकूण रोध १९ मिलिओहम आला आणि तुकड्यांप्रमाणे तो असा पडला: यंत्र ते फीडर २.८, टॉर्च २.४, फिक्सचरचा जॉब धरणारा फिरता भाग ते टेबल १.९, टेबल ते क्लॅम्प आणि त्याचे लग मिळून २.६, आणि अर्थची १५ मीटर केबल एकटी ९.३ मिलिओहम. २०० अँपिअरला हिशेब केला तर आतल्या बूथमध्ये ३.८ व्होल्ट वाटेतच जातात आणि पुढच्या बूथमध्ये जेमतेम ०.९ व्होल्ट. म्हणजे नॉब सारखाच ठेवला तरी दोन आर्कमध्ये जवळजवळ ३ व्होल्टचा फरक राहतो, हे पाहून आमचे वेल्डरही चकित झाले. यातला कोणता आकडा दोषाचा समजावा आणि कोणता केवळ लांबीचा, हे कृपया सांगावे.

केबल_जोडारी
आपण मापन फार चांगले केले आहे, आणि आकडे तुकड्यांत दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

लांबीचा हिशेब आधी करू. लवचिक तांब्याच्या केबलसाठी मानकातला कमाल रोध २० अंशांवर ५० चौरस मिमीला मीटरमागे ०.३८६ मिलिओहम, ७० चौरस मिमीला ०.२७२ आणि ३५ चौरस मिमीला ०.५५४ असा आहे. यंत्र ते फीडर ही १० मीटरची केबल या हिशेबाने २.७ यायला हवी आणि आपल्याकडे २.८ आली, म्हणजे ती आणि तिचे दोन्ही जोड निकोप आहेत. टॉर्चमध्येही काही वावगे दिसत नाही. अर्थची १५ मीटर केबल मात्र ५.८ यायला हवी होती आणि ती ९.३ आली आहे. मीटरमागे हा रोध ०.६२ मिलिओहम पडतो, आणि ५० चौरस मिमीच्या ॲल्युमिनिअम केबलचा रोध साधारण तेवढाच असतो. माझा असा दाट संशय आहे की ही केबल तांब्याची नाही. तारांवर तांब्याचा फक्त पातळ मुलामा असून आत ॲल्युमिनिअम आहे. टोकाकडची एक तार घेऊन ब्लेडने हलकी खरवडावी. आत चंदेरी रंग दिसला तर संशय खरा. केबल हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा हलकी लागणे हीसुद्धा एक खूण आहे. नवी केबल घेताना आवरणावर आयएस ९८५७ हे वेल्डिंग केबलचे मानक आणि आयएसआय चिन्ह छापलेले आहे का ते पाहावे आणि बिलावर कंडक्टर तांब्याचा असल्याचे लिहून घ्यावे. इतक्या लांबीला ५० ऐवजी ७० चौरस मिमीची घेतली तर १५ मीटरला ४.१ मिलिओहमच राहतील, आणि केबल तापणेही कमी होईल.

क्लॅम्पचे २.६ मिलिओहम हा उघड दोष आहे. चांगल्या जोडाचा रोध एका मिलिओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. २०० अँपिअरला २.६ मिलिओहमच्या जोडात १०४ वॉट उष्णता निर्माण होते, एवढ्याशा जागेत एखादा सोल्डरिंगची मोठी इस्त्री अखंड चालू ठेवल्यासारखी, आणि ती उष्णता जोड आणखी बिघडवत जाते. स्प्रिंगच्या क्लॅम्पमध्ये केबल बहुधा एकाच जबड्याला जोडलेली असते. दुसऱ्या जबड्याकडे प्रवाह नेणारी तांब्याची विणलेली पट्टी तुटली की अर्धा क्लॅम्प नुसता शोभेचा राहतो. क्लॅम्प उघडून ती पट्टी पाहावी. लग हातोडीने ठोकून बसवले असेल तर ते कापून टाकावे आणि टिन चढवलेले तांब्याचे लग हायड्रॉलिक क्रिंपिंगने बसवावे. लगजवळ आवरण दोन बोटे मागे सोलून पाहिले तर मुंबईच्या हवेत तारा काळ्या आणि टोकाला हिरवट झालेल्या बऱ्याचदा आढळतात. खाऱ्या दमट हवेचा ओलावा आवरणाखाली तारांमधून आत झिरपतो. काळी पडलेली तार क्रिंप केल्याने सुधारत नाही, चकचकीत तांबे दिसेपर्यंत केबल कापावीच लागते. नवे लग बसवल्यावर त्याच्या मानेवर गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी, म्हणजे ओलावा आत जाणार नाही.

फिक्सचरच्या फिरत्या भागातले १.९ मिलिओहम मला सर्वांत जास्त खटकतात, कारण तो आकडा स्थिर राहणार नाही. फिक्सचर फिरला की बुशमधला संपर्क बदलतो, मध्ये ग्रीस येते, आणि वेल्डर ज्याला ‘आज मशीन नीट चालत नाही’ म्हणतो ते बरेचदा इथूनच सुरू होते. शिवाय बेअरिंगमधून वेल्डिंगचा प्रवाह गेला की त्याच्या गोळ्यांवर खड्डे पडतात. जॉब धरणाऱ्या भागालाच थेट अर्थ द्यावा. भाग अर्धा फेरा फिरत असेल तर लवचिक केबलची सैल वेटोळी पुरते, आणि पूर्ण फिरत असेल तर फिरता अर्थ जोड, म्हणजे तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा ब्रश असलेला, बसवावा लागतो.

जहाज_दुरुस्ती
वरच्या सल्ल्याला जोडून इंडक्टन्सबद्दल लिहितो, कारण बॅटरीच्या मापनात तो अजिबात दिसत नाही. शॉर्ट आर्क आणि पल्स वेल्डिंगमध्ये प्रवाह सेकंदाला अनेकदा वर-खाली होतो, आणि त्या बदलाला केबलच्या वेटोळ्यांचा विरोध होतो. उरलेली केबल गुंडाळून लोखंडी खांबाला टांगून ठेवली, तर रोधाचा आकडा तोच राहतो पण आर्क सुस्त होतो. जाणारी आणि येणारी केबल शेजारी-शेजारी, जमिनीवर सरळ टाकावी आणि जादा लांबी कापून टाकावी. गुंडाळावीच लागली तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी टाकावी. आणखी एक विनंती अशी की, अर्थची केबल आखूड करण्याच्या नादात क्लॅम्प शेडच्या खांबाला किंवा दुसऱ्या टेबलाला लावू नये. परतीचा प्रवाह मग इमारतीच्या लोखंडातून, क्रेनच्या तारेतून किंवा एखाद्या ड्रिल मशीनच्या अर्थिंगच्या बारीक वायरीतून वाट काढतो आणि ती वायर जळते. विद्युत सुरक्षेचे अर्थिंग वेगळे आणि वेल्डिंगची परतीची केबल वेगळी.

स्पॉट_भांडुप
धागा मिगचा आहे हे मान्य, पण विषय तोच असल्यामुळे विचारतो. आमच्याकडे १ मिमीच्या पत्र्यावर स्पॉट वेल्डिंग होते आणि सकाळचे स्पॉट पक्के तर दुपारचे सुटतात. बॅटरी आणि बल्बची रीत तिथे चालेल का?

मापनशाळा_विक्रोळी
स्पॉट वेल्डिंगमध्ये आकडे मायक्रोओहमचे असतात, त्यामुळे ९ अँपिअर आणि साधा मल्टिमीटर तिथे अपुरा पडतो, मायक्रोओममीटरच हवा. दुय्यम सर्किटच्या लवचिक पट्ट्यांच्या एखाद्या जोडात अवघे २० मायक्रोओहम वाढले, तरी १०,००० अँपिअरला त्या जोडावर ०.२ व्होल्ट पडते आणि पल्स चालू असेतोवर २ किलोवॉट उष्णता वेल्डऐवजी त्या जोडात जाते. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला मुळातच मोजके काही व्होल्ट असतात, हे लक्षात घेतले तर हे नुकसान किती मोठे आहे ते कळेल. हात, पट्ट्या आणि इलेक्ट्रोड होल्डर यांच्यावरचा प्रत्येक जोड वेगळा मोजून लिहून ठेवावा. तरीही सकाळ-दुपारच्या फरकाचे कारण आधी इलेक्ट्रोडच्या तोंडावर शोधावे, असे मी म्हणेन. ५ मिमीचे तोंड पसरून ६ मिमी झाले की क्षेत्रफळ १.४४ पट होते आणि प्रवाहाची घनता सुमारे ३० टक्क्यांनी उतरते. ते तोंड वेळच्या वेळी ड्रेस केले (घासून मूळ आकारात आणले) नाही तर जोडांवर घेतलेली सगळी मेहनत वाया जाते. एसी यंत्रात हातांच्या घशात लोखंडी जॉब किती आत जातो यावरही प्रवाह बदलतो आणि तो परिणाम डीसी मापनात दिसत नाही, म्हणून वेल्डच्या वेळचा प्रत्यक्ष प्रवाह मोजण्याची सोय असेल तर तोही पाहावा.

मरोळ_फॅब
सल्ल्याप्रमाणे काम पूर्ण केले आहे. अर्थच्या केबलची तार खरवडल्यावर आत चंदेरी निघाली, तेव्हा केबल_जोडारी साहेबांचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला. ७० चौरस मिमीची तांब्याची केबल घेतली, लग क्रिंप करून घेतले, स्प्रिंगच्या क्लॅम्पऐवजी स्क्रूचा पितळी क्लॅम्प लावला आणि फिक्सचरच्या फिरत्या भागाला थेट अर्थ दिला. आता केबल ४.१, क्लॅम्प व लग मिळून ०.२ आणि फिक्सचरचा जोड ०.१ मिलिओहम येतो, एकूण ९.६ मिलिओहम.

दोन्ही बूथमध्ये अजूनही ५.३ मिलिओहमचा, म्हणजे २०० अँपिअरला सुमारे १.१ व्होल्टचा फरक आहे. पण तो केवळ लांबीचा आणि स्थिर असल्यामुळे आतल्या बूथचे व्होल्टेज तेवढे वाढवून सेटिंगच्या तक्त्यात तसे लिहिले आहे. बीड दोन्हीकडे सारखा येतो आणि दुपारीही नॉबला हात लावावा लागत नाही. आता एकच विचारायचे आहे: हे मापन किती दिवसांनी करावे आणि आकडा किती वाढला की काम थांबवावे?

केबल_जोडारी
फार आनंद झाला. फरक शून्यावर आणण्याच्या मागे न लागता आपण तो मोजून तक्त्यात लिहिला, हेच योग्य केले.

मर्यादा आपल्या कामावरून ठरवावी. २०० अँपिअरला १ मिलिओहम म्हणजे ०.२ व्होल्ट. आपल्या बीडमध्ये अर्ध्या व्होल्टच्या बदलाने डोळ्यांना फरक दिसत असेल, तर एकूण वाढ २.५ मिलिओहमपर्यंत पोहोचू द्यायची नाही. म्हणून एकूण आकडा ११ मिलिओहमच्या वर गेला की तुकडे मोजायला घ्यावेत. एकूण आकडा ठीक असूनही एखादा जोड अर्ध्या मिलिओहमच्या वर गेला असेल, तर तो त्याच दिवशी उघडावा. पूर्ण मापन पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर करावे, आणि केबल, टॉर्च, क्लॅम्प किंवा फिक्सचर यांपैकी काहीही बदलले तर लगेच करावे.

मधल्या काळासाठी एक सोपी तपासणी आहे. वेल्डिंग चालू असताना हेल्परने मल्टिमीटरची एक पिन जॉबवर आणि दुसरी यंत्राच्या निगेटिव्ह टर्मिनलवर धरावी. पिनेची वायर लांब आणि बारीक असली तरी चालते; हात आणि हातमोजे कोरडे असावेत. प्रवाह मोजायला डीसी वाचणारा, हॉल सेन्सरचा क्लॅम्प मीटर लागतो, कारण साधा एसी क्लॅम्प मीटर इथे काहीच दाखवत नाही, आणि केबलभोवती लावण्यापूर्वी तो दरवेळी शून्य करून घ्यावा लागतो. आपल्या परतीच्या मार्गाचा रोध ४.४ मिलिओहम आहे, तेव्हा २०० अँपिअरला सुमारे ०.९ व्होल्ट दिसायला हवे. केबल तापल्यावर ते १ व्होल्टपर्यंत जाईल. सव्वा व्होल्ट दिसले तर काम थांबवून प्रथम क्लॅम्पच्या जबड्याखालची जागा ग्राइंडरने चकचकीत करावी; तेवढ्याने आकडा उतरला नाही तर लगकडे वळावे. टॉर्चची टिप या वाचनात येत नाही. तिच्या भोकाचा गोल लांबट झाला की वायरचा संपर्क टिपच्या आत पुढे-मागे सरकतो आणि बाहेर असलेल्या वायरची विद्युत लांबी बदलते. १.२ मिमीच्या १५ मिमी वायरचा रोध थंड असताना साधारण २ मिलिओहम आणि तापल्यावर त्याच्या काही पट असतो, म्हणून टिप जळून अडकण्याची वाट न पाहता ठरलेल्या स्पूलनंतर बदलावी आणि टिप ते जॉब हे अंतर वेल्डरला गेजने दाखवून द्यावे.